आखाजीच्या संध्याकाळी आईचे नाव

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या गावातील विकास सोसायटीच्या गोदामाची भिंत पूर्ण झाली. ४२ फूट लांब आणि ९ फूट उंच अशा त्या भिंतीवर गेरूच्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत १६३ स्त्रियांची नावे आहेत, आणि ती सगळी त्यांच्या माहेरची, म्हणजे जन्मानंतर ठेवलेली नावे आहेत. भिंत पाहायला येणारे लोक मला रंग कोणता वापरला, किती डबे लागले, असे विचारतात. मी ते सांगते. परंतु या कामातले निर्णायक असे सारे काही ब्रश हातात घेण्याच्या आधी घडले, आणि त्याची नोंद कुठेतरी राहावी म्हणून हे लिहीत आहे.

मी धुळ्याला कलाशिक्षिका आहे. अमळनेर तालुक्यातील बोरी नदीच्या काठचे हे गाव माझे माहेर. दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेले तेव्हा माझ्या वहीत एक आराखडा तयार होता, आणि तो माझा नव्हता. अमेरिकेतील सुझान लेसी या कलावतीने मे १९७७ मध्ये लॉस एंजेलिस शहरात तीन आठवडे एक काम केले होते. तिने शहराचा मोठा नकाशा सार्वजनिक जागेत लावला, पोलिसांकडून रोजच्या नोंदी घेतल्या, आणि जिथे जिथे बलात्काराची तक्रार नोंदवली गेली होती तिथे तिथे लाल शिक्का मारला. प्रत्येक ठळक शिक्क्याभोवती तिने फिकट असे आणखी नऊ शिक्के मारले, कारण नोंदवल्या गेलेल्या एका तक्रारीमागे नऊ घटना नोंदवल्याच जात नाहीत असा त्या वेळचा अंदाज होता. शेजारच्या दुसऱ्या नकाशावर मदत कुठे मिळते ती ठिकाणे होती. विद्यार्थिदशेत मी या कामाची छायाचित्रे पाहिली तेव्हापासून ते माझ्या मनात घर करून होते. आपल्या गावाचाही असा नकाशा भिंतीवर काढावा, एस. टी. थांब्यापासूनचा रस्ता, नदीकडची उतरण, पहाटे शेताकडे जाणारी पायवाट अशा जागा स्त्रियांकडून विचारून घ्याव्यात आणि ८ मार्चला त्यांच्याच हातांनी तिथे लाल ठिपके लावून घ्यावेत, असे मी ठरवले होते.

कापसाची वेचणी चालू होती. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे कोणाला थांबवून बोलणे म्हणजे तिच्या पोटावर पाय देणे. म्हणून मीही ओटी बांधून त्यांच्याबरोबर ओळीत शिरले आणि वेचता वेचता योजना सांगितली. कोणी काही बोलले नाही. पुढच्या ओळीतल्या दोघी तिघी अधिक वेगाने वेचू लागल्या, एवढेच मला दिसले. संध्याकाळी माप झाल्यावर लहानपणापासून मला ओळखणाऱ्या एक मावशी माझ्याबरोबर चालत आल्या आणि घराजवळ पोहोचल्यावर म्हणाल्या, “तू निंघी जाशी. आम्हले आठेच ऱ्हानं शे.” (तू निघून जाशील. आम्हाला इथेच राहायचे आहे.)

त्या एका वाक्याने माझा नकाशा संपला. लाखो वस्तीच्या शहरात नकाशावरचा ठिपका ही संख्या असते. तो पाहणाऱ्याला भय वाटते, राग येतो, परंतु ती स्त्री कोण हे कळत नाही. दोन-अडीच हजार वस्तीच्या गावात तोच ठिपका म्हणजे एक घर असते, एक गल्ली असते, आणि बहुतेक वेळा एक नाव असते. मी ज्याला उघड बोलणे समजत होते ते त्या बायांच्या दृष्टीने बोट दाखवणे होते, आणि ते बोट गुन्हेगाराकडे न वळता त्यांच्याचकडे वळणार होते. बंगळुरूमध्ये जस्मीन पथेजा यांनी २००३ साली सुरू केलेल्या ‘ब्लँक नॉइज’ने रस्त्यावरच्या छेडछाडीविरुद्ध जे काम केले, ज्यात स्त्रियांनी त्या प्रसंगी अंगावर असलेले कपडे साक्ष म्हणून आणून दिले, त्याबद्दल मला अतिशय आदर आहे, पण आमच्या गावात कोणाची कोणती साडी हेही सगळ्यांना ठाऊक असते. शहरात स्त्रीला गर्दीचा आडोसा मिळतो आणि या कामांची धारही त्याच आडोशावर टिकून असते. तो आडोसा गावात नसेल तर कामाचे रूप बदललेच पाहिजे, आणि ते कसे बदलावे हे ठरवण्याचा अधिकार माझा नव्हता.

पुढचे काही महिने मी फक्त शनिवार-रविवारी येत राहिले आणि काही सुचवले नाही. माघ संपता संपता गावात बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, आणि उडदाचे पापड करण्याचे दिवस आले. आठ-दहा बाया एका अंगणात बसून काम करतात, आज हिच्याकडे तर उद्या तिच्याकडे, आणि ज्वारीचा घाटा हाटता हाटता जे बोलणे होते ते दुसरीकडे कुठेही होत नाही. तिथे मला कोणीतरी माझ्या घरातल्या लहानपणच्या नावाने हाक मारली. त्यावर वरच्या गल्लीतल्या एक आजी सहज म्हणाल्या, “तुले तुन्हं नाव ऱ्हायनं. मन्हं त लगीनमा बदली टाकं.”

मग एकेक जण सांगू लागली. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवे नाव लिहायचे, ते सगळ्यांना वाचून दाखवायचे आणि पेढे वाटायचे, हा विधी आपल्याकडे इतका सवयीचा आहे की त्यात एक नाव मरते हे कोणाच्या लक्षातही येत नाही. त्या अंगणातल्या अकरा जणींपैकी आठ जणींची नावे लग्नात बदलली होती. एकीचे नाव घरातल्या थोरल्या जावेचे तेच होते म्हणून बदलले, एकीचे नवऱ्याला जुनाट वाटले म्हणून, आणि एकीला कारण कधी सांगितलेच गेले नाही. एका आजींचे माहेरचे नाव नकोशी होते. चौथी मुलगी झाली म्हणून ठेवलेले. ते बदलले गेले हे बरेच झाले असे मला वाटले, पण त्या म्हणाल्या की आई त्याच नावाने हाक मारायची आणि आईच्या तोंडचा तो शब्द त्यांना कडू वाटत नव्हता. भिंतीवर काय लिहायचे ते त्या अंगणात ठरले. मी फक्त वही आणि पेन काढले.

नावे गोळा करताना आणखी एक गोष्ट पुढे आली. मी प्रत्येकीला तिच्या आईचे, आईच्या आईचे आणि त्याही मागचे नाव विचारत होते. आई बहुतेकींना सांगता आली, आजी पुष्कळ जणींना. पणजीपाशी मात्र साखळी तुटायची आणि ‘अमक्या पाटलाची बायको’, ‘शिरसाळ्याची म्हातारी’ असे काहीतरी उत्तर यायचे. याच बाया सासरकडचे पाच-पाच पुरुष धडाधड सांगत होत्या. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शासकीय कागदपत्रांत आईचे नाव लावणे बंधनकारक करण्याचा निर्णय घेतला, तो मला महत्त्वाचा वाटतो. तरी कागदावरची ती एक ओळ आणि जिभेवरून पुसली गेलेली ही साखळी यांत पुष्कळ अंतर आहे.

भिंत मिळवणे हे वेगळेच प्रकरण होते. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत मी अर्ज दिला. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींमध्ये स्त्रियांना ५० टक्के आरक्षण आहे आणि आमच्या सरपंचही स्त्री आहेत, परंतु पहिल्या दोन सभांत माझ्या प्रश्नांची उत्तरे त्यांचे पती देत राहिले. त्यांनी आधी सार्वजनिक शौचालयामागची भिंत देऊ केली, नंतर नावांऐवजी मुलगी वाचवण्याच्या घोषणा लिहाव्यात असे सुचवले. तिसऱ्या सभेला पापडाच्या अंगणातल्या सात बाया माझ्याबरोबर येऊन मागे बसल्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. सरपंचताईंनी त्यांच्याकडे पाहिले, आणि बाजारासमोरच्या गोदामाची भिंत द्यायला पंचायतीची हरकत नाही, सोसायटीची संमती मी स्वतः आणते, असे त्या स्वतःच्या तोंडाने म्हणाल्या. ठराव झाला. त्यांचेही माहेरचे नाव आज भिंतीवर आहे.

त्या भिंतीला जमिनीपासून दीड फुटापर्यंत लोणा, म्हणजे ओलीने फुटणारा क्षार, लागला होता आणि वर चुन्याचे कित्येक थर होते. ते थर पत्र्याच्या तुकड्यांनी खरवडून, ब्रशने घासून, पाण्याने धुऊन काढायला आम्हाला पाच सकाळी लागल्या. मियरले लेडरमन युकेलीस या कलावतीने १९६९ साली एक जाहीरनामा लिहून घर झाडणे, धुणे, सांभाळणे या कामांनाच कला म्हटले होते आणि १९७३ मध्ये हार्टफर्ड येथील संग्रहालयाच्या पायऱ्या व फरश्या लोकांसमोर स्वतः धुतल्या होत्या. हे मी भिंत घासता घासता सांगितले तेव्हा दोन सुनांना ते फार पटले. गेली पंधरा वर्षे आपण रोज अंगण सारवतो आणि कोणी थांबून पाहिलेले नाही, असे त्यांच्यातली एक म्हणाली. त्या पाच दिवसांत मात्र बाजारला येणारा प्रत्येक माणूस थांबून पाहत होता. त्यानंतर ओल रोखणारा हात, प्राइमर, आणि गेरूसारख्या रंगाच्या बाहेरच्या इमल्शनचे दोन हात झाले. चैत्रातले खानदेशचे ऊन म्हणजे सकाळी नऊनंतर रंग ब्रशवरच वाळतो, म्हणून आम्ही सहाला सुरुवात करत असू.

अक्षरे माझी नसावीत हे मी आधीच ठरवले होते. ज्यांना लिहिता येत होते त्यांनी वहीत आपले नाव लिहिले आणि त्यांच्याच वळणाचे अक्षर मी चौकटी आखून भिंतीवर मोठे केले. ज्यांना येत नव्हते त्या आधी संकोचल्या. तेव्हा आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती, त्यांच्या ओव्या मुलाने लिहून ठेवल्या आणि त्या गेल्यावर १९५२ साली पुस्तकरूपाने आल्या, ही आठवण एका शाळकरी मुलीने करून दिली. शाळेत तिने ते वाचले होते. मग नाती लिहिणाऱ्या झाल्या आणि आज्या सांगणाऱ्या. त्याशिवाय प्रत्येक आजीच्या हातावरचे गोंदण आम्ही बटर पेपरवर उतरवून तिच्या नावाशेजारी काढले. शेजारी शेजारी बसून हातावरची नक्षी ताडून पाहताना त्यांना कोणाचे गोंदण कोणत्या जत्रेतले हे आठवत होते, आणि ते तास माझ्या दृष्टीने या सगळ्या कामातले सर्वांत मोलाचे होते.

आडनावांवरून वाद झाला. आडनाव आले की जात आली, आणि भिंतीवर गल्ल्या तयार झाल्या असत्या. म्हणून आडनाव कोणाचेच नको असे ठरले. तरी भिलाटीतल्या, म्हणजे भिल्ल वस्तीतल्या, बायांची नावे खालच्या रांगेत असावीत असे एकीने हळूच सुचवले, आणि ते ऐकून मला फार वाईट वाटले, कारण ती सुचवणारी माझ्या जवळची होती. उत्तर भिलाटीतल्या एका वयस्क बाईंनी दिले. त्यांचे माहेर शहादा तालुक्यातले. १९७२ नंतर तिथे श्रमिक संघटनेच्या चळवळीत आदिवासी स्त्रिया गावोगाव फिरून दारूची मडकी फोडत होत्या, ते त्यांनी लहानपणी पाहिले होते. त्या म्हणाल्या की तेव्हा मडके फोडायला पुढे कोण आणि मागे कोण, हे कोणी विचारले नव्हते. अखेर ज्या क्रमाने नावे वहीत आली त्याच क्रमाने ती भिंतीवर गेली, आणि त्यांचे नाव वरून दुसऱ्या रांगेत, बरोबर मध्यावर आले.

प्रत्येक नावासाठी आम्ही दोनदा विचारले, एकदा वहीत घेताना आणि एकदा लिहायच्या आदल्या दिवशी. नऊ जणींनी दुसऱ्यांदा नकार दिला आणि त्यांना कारण विचारायचे नाही असा नियम होता.

भिंत रंगवून थांबावे असे मला वाटत होते, पण नावे मोठ्याने म्हटली गेली पाहिजेत असा बायांचा आग्रह होता, आणि दिवसही त्यांनीच काढला: आखाजी. खानदेशात अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणत गल्लीतून फिरतात, आणि त्या दिवशी ‘कुठे निघालीस’ असे त्यांना कोणी विचारत नाही. सालदारांचे, म्हणजे वर्षाच्या कराराने राबणाऱ्या शेतमजुरांचे, सालही आखाजीलाच बदलते, म्हणून मजूर घरांतल्या बायांनाही तो दिवस मोकळा असतो. ८ मार्चला घराबाहेर पडायला कारण सांगावे लागले असते. आखाजीला घरात बसायलाच कारण सांगावे लागते. शिवाय त्याच दिवशी सकाळी पितरांच्या नावाने घागर भरतात, आगारी टाकतात, म्हणजे विस्तवावर घास वाहतात, आणि ती नावे बहुधा बापाकडची असतात. संध्याकाळी आईकडची घेऊ, असे म्हणणे होते. स्त्री मुक्ती संघटनेचे १९८३ सालचे ‘मुलगी झाली हो’ हे नाटक महाराष्ट्रभर गेले त्यामागे, मला वाटते, हेच बळ होते की ते स्त्रियांच्या ओठांवर आधीच असलेल्या बोलण्यातून उभे राहिले होते.

पोलीस ठाण्यात अर्ज दिला तेव्हा ही सभा आहे की नाटक, असा प्रश्न आला, आणि नाटक असेल तर संहिता मागण्यात आली. मी कोऱ्या कागदावर लिहून दिले की प्रत्येक स्त्री स्वतःचे, आईचे आणि आजीचे नाव सांगेल व खाली बसेल. ध्वनिक्षेपक नको म्हटल्यावर परवानगी मिळाली, तीही चौथ्या फेरीला.

एक अडचण कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. लेकी माहेरी येतात त्या अर्थी गावातल्या तरुण सुना त्या दिवशी आपापल्या माहेरी जातात. म्हणजे भिंतीवर नाव असलेल्या कित्येक जणी हजर नसणार होत्या. त्यांची नावे कोणी घ्यायची, यावर दोन संध्याकाळी चर्चा झाली, आणि सासूने घ्यायची असे ठरले. ते ठरवणाऱ्याही सासवाच होत्या.

ऊन उतरल्यावर झोक्यांपासून गाणे म्हणत बाया निघाल्या आणि भिंतीसमोर अर्धगोल करून उभ्या राहिल्या. बाजाराच्या ओट्यांवर पुरुष जमले होते. पहिल्या आजी पुढे आल्या, नावावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “मी नकोशी. सखुबाईनी लेक, मंजुळानी नात.” पुढे त्यांना येत नव्हते, त्या खाली बसल्या. कोणी हसले नाही. मग दुसरी, तिसरी. काहींचा आवाज निघाला नाही आणि शेजारणीने त्यांच्यासाठी म्हटले. सासवांची पाळी आली तेव्हा एक बाई, जिच्या घरातले तंटे सगळ्या गावाला माहीत आहेत, ती सुनेच्या नावासमोर बराच वेळ उभी राहिली. सहा वर्षांपूर्वी तिनेच हौसेने ते नाव बदलून घेतले होते. तिने ते जुने नाव घेतले, सुनेच्या आईचे, म्हणजे आपल्या विहीणबाईंचे नाव घेतले, आणि त्यापुढे सुनेच्या आजीचे नावही घेतले. ते तिने विचारून ठेवले असणार. मी त्या क्षणी छायाचित्र काढले नाही, आणि काढले नाही याचे मला समाधान आहे.

ओट्यावरून एका तरुणाने काही शेरा मारला, त्याला त्याच्याच चुलत्याने उठवून घरी पाठवले. शेवटी एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत पुढे आले आणि आपल्या वारलेल्या आईचे माहेरचे नाव सांगून ते कुठे लिहिता येईल का, असे विचारले. तो निर्णय मी बायांवर सोडला. त्यांनी आपसांत बोलून पुढच्या आखाजीला लिहू असे सांगितले.

पंधरा दिवसांनी रात्रीतून कोणीतरी तीन नावांवर डांबर फासले. मी धुळ्याहून निघण्याआधीच ती नावे पुन्हा लिहून झाली होती. अक्षर थोडे तिरके आले आहे, ते तसेच ठेवले. एकीने घरातल्या दबावामुळे नाव काढायला सांगितले आणि आम्ही त्यावर गेरूचा हात फिरवला. ती आजही भिंतीजवळून जाताना त्या जागेकडे पाहते.

आणखी एक घडले, ज्याची मी कल्पना केली नव्हती. नावे जमवताना काहींनी शाळा सोडल्याचे जुने दाखले पेटीतून काढले होते. महाराष्ट्रात १९९४ च्या आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे. पण दाखल्यावरची मुलगी आणि आधार कार्डावरची बाई एकच आहे हे सिद्ध करण्यासाठी प्रतिज्ञापत्रे आणि राजपत्रातील नोंद यांचे हेलपाटे घालावे लागतात, आणि तिथेच पुष्कळ जणी हक्क सोडून देतात. तांदळात अंगठीने लिहिलेल्या नावाची ही किंमत आहे. दोघी जणी आता तालुक्याला तेवढ्यासाठी जात आहेत. दुसऱ्या एकीच्या घरी लक्ष्मी मुक्ती योजनेची चौकशी झाली, जिच्याखाली १९९२ पासून नवरा हयात असताना बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावता येते. तिथे अजून होकार आलेला नाही.

श्रावणात पाऊस लागून राहिला तेव्हा मला त्या मावशींचा फोन आला, ज्यांनी मला नकाशा सोडायला लावला होता. खालच्या रांगेला पुन्हा लोणा फुटला होता आणि चार नावांचे पोपडे निघाले होते. मी म्हटले, रविवारी येते. त्यावर त्यांनी येण्याची गरज नाही असे सांगितले. पाऊस उघडला की आम्हीच खरवडून घेऊ, तू फक्त त्या पांढऱ्या रंगात पाणी किती टाकायचे ते सांग, म्हणाल्या. मी सांगितले, आणि पलीकडे त्या ते कोणालातरी मोठ्याने लिहून घ्यायला सांगत होत्या.